बोटीसाठी दुर्बीण, होकायंत्र आणि रात्रीचा स्कोप: पुण्यात घेताना काय बघावं

पुण्यात कुठल्याही दुकानात दुर्बीण मागितली की पहिला प्रश्न ठरलेला, "किती पटीची दाखवू?" आणि काउंटरवर येते ती वीस-तीस पटीची, लाल काचांची, भरपूर रबर चढवलेली. "साहेब, खडकवासल्यावरून सिंहगडावरचा माणूस दिसतो हिच्यातून." दिसत असेलही, धरणाच्या भिंतीवर कोपर टेकून. बोटीत बसल्यावर त्याच दुर्बिणीत सिंहगडाचा टॉवर सापडणंसुद्धा मुश्कील. चित्र जितक्या पट मोठं होतं तितक्याच पट हाताचा आणि बोटीचा हेलकावाही मोठा होतो. हलत्या बोटीत, नुसत्या हातात धरून वापरायची असेल तर ७ पट ही व्यवहार्य मर्यादा. धरणाच्या शांत पाण्यात ८ चालते. १० पट हवीच असेल तर चित्र स्थिर ठेवणारी, बॅटरीवरची यंत्रणा आतमध्ये हवी. त्यापुढचं सगळं गच्चीवरून चंद्र बघायला.

आधी कुठलं पाणी ते ठरवा. पानशेत, मुळशी, पवना किंवा भिगवणला दिवसाउजेडी होडीत बसणार असाल तर पक्षीनिरीक्षक वापरतात तीच ८×४२ पुरे, फक्त ती वॉटरप्रूफ हवी. शनिवार-रविवारी मांडवा, अलिबाग, मुरूड किंवा हर्णैहून समुद्रात जाणार असाल तर ७×५०. यातला ७ म्हणजे पट आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ५०ला ७ने भागलं की ७.१ येतात. डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा हा व्यास. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण ७ मिलिमीटर उघडते, म्हणजे संधिप्रकाशात मिळेल तेवढा सगळा उजेड डोळ्यात जातो. पन्नाशीनंतर बाहुली पाचेक मिलिमीटरच उघडते, तेव्हा उजेडाचा हा फायदा कमी होतो. तरीही समुद्रावर ७×५०च घ्या, कारण गोल मोठा असला की बोट हलून डोळा थोडा सरकला तरी चित्र काळं होत नाही. १०×४२मध्ये तो गोल जेमतेम ४.२ मिलिमीटरचा, लाटांवर डोळा सारखा त्याच्या बाहेर जातो.

आता बाजारात काय आहे. पुण्यात सहज मिळणाऱ्या ऑलिम्पस १०×५० डीपीएस-१ आणि निकॉन ॲक्युलॉन १०×५० या दोन्ही पैसा वसूल दुर्बिणी आहेत, आकाश बघायला तर छानच. पण दोन्ही वॉटरप्रूफ नाहीत. खाऱ्या फवाऱ्यात त्या नेऊ नयेत, एवढंच त्यांच्याविषयी. निकॉन ॲक्शन ईएक्स ७×५० वॉटरप्रूफ आहे, फोकसचं चाक मधे आहे, त्यामुळे बोटीवर समुद्र आणि घरी आल्यावर पक्षी अशी दोन्ही कामं करते. बेताच्या खर्चात एकच दुर्बीण घ्यायची तर आमची पसंती हिला. खास बोटीसाठी बनवलेल्यांत सेलेस्ट्रॉन ओशियाना आणि बुशनेल मरीन या ७×५० येतात, आत होकायंत्र आणि अंतर मोजायच्या खुणांसकट. त्यांच्याही वर फुजिनॉन एफएमटी आणि स्टायनर. काचांचा दर्जा वेगळाच, संध्याकाळी फरक स्पष्ट कळतो. पण वजन आणि किंमत दोन्ही पेलायला हवं. महिन्यातून एकदा मांडव्याला जाणाऱ्याने तिथे पैसे घालू नयेत. कॅननची १०×४२ एल ही चित्र स्थिर करणारी दुर्बीण वॉटरप्रूफ आहे, दोन पेन्सिल सेलवर चालते आणि दूरच्या बोयावरचा (साखळीने बांधलेल्या तरंगत्या खुणेवरचा) नंबर वाचायचा असेल तर तिच्यापुढे साध्या दुर्बिणीचा निभाव लागत नाही. सेल संपले की मात्र ती एक जड १०×४२ उरते. एक सावधगिरी: त्याच कंपनीची १०×३० वॉटरप्रूफ नाही आणि दुकानात दोन्हींची नावं एका दमात घेतली जातात.

फोकस दोन प्रकारचा असतो. मधल्या चाकाचा सगळ्यांना माहीत असतो. बोटीच्या दुर्बिणींत बहुधा प्रत्येक डोळ्याचा फोकस वेगळा असतो. तो असा लावायचा: आधी दोन्ही नळ्या दुमडून डोळ्यांमधल्या अंतरावर आणा, दोन वर्तुळांचं एक वर्तुळ दिसेपर्यंत. मग निदान अर्धा किलोमीटर लांबची, ठळक कडा असलेली वस्तू निवडा. उजव्या भिंगावर हात धरा (डोळा मिटू नका, त्याने दुसऱ्या डोळ्यावरही ताण येतो) आणि डाव्या आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगाची) कडी फिरवून कडा धारदार करा. मग डावं भिंग झाकून उजवं. दोन्ही कड्यांवरचे आकडे लक्षात ठेवा. एकदा लावलं की साधारण पंधरा-वीस मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट दिसतं, पुन्हा हात लावावा लागत नाही, आणि हलणारे भाग कमी असल्याने पाणी शिरायच्या जागाही कमी. तोटा असा की दुर्बीण हातोहात फिरली की प्रत्येकजण कड्या फिरवतो. आपल्या आकड्यापाशी नेलपॉलिशचा ठिपका द्या, भांडण मिटतं.

चष्मा असेल तर खोक्यावर 'आय रिलीफ' (डोळा भिंगापासून किती लांब असताना पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) किती लिहिलंय ते बघा. १६ मिलिमीटरच्या खाली चष्म्यातून पूर्ण वर्तुळ दिसत नाही. १८-२० असेल तर निवांत. आयकप खाली दुमडून, चष्मा लावूनच दुकानात बघा.

'वॉटर रेझिस्टंट' आणि 'वॉटरप्रूफ' एक नव्हे. पहिल्याचा अर्थ चार थेंब. दुसऱ्यासाठी आयपीएक्स-७ असं लिहिलेलं हवं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आतून धुकं धरू नये म्हणून नायट्रोजन वायू भरलेला असावा. एसी गाडीतून उतरून अलिबागच्या दमट हवेत दुर्बीण काढली की काचेवर बाहेरून धुकं बसतं, ते काही मिनिटांत जातं. पुसायची घाई नको. आतल्या काचेवर धुकं बसलं आणि गेलं नाही, तर सील गेलेलं आहे. तसली वस्तू वॉरंटीत परत करा, उन्हात वाळवत बसू नका. आणि वॉटरप्रूफ म्हणजे तरंगणारी नव्हे. बहुतेक ७×५० किलोभर वजनाच्या असतात आणि सरळ तळाला जातात, म्हणून फुगीर, तरंगणारा पट्टा वेगळा घ्यावा.

दुकानातच करायच्या चाचण्या

यांना दहा मिनिटं लागतात. दुकानदार कंटाळतो, कंटाळू द्यावा.

दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे रोखा. आयपीसमध्ये उजेडाचे दोन गोल दिसतील. ते पूर्ण गोल आणि कडेपर्यंत एकसारखे उजळ असतील तर आतल्या प्रिझमची (चित्र सरळ करणाऱ्या लोलकाची) काच बहुधा बीएके-४, म्हणजे चांगली. गोलाच्या कडा कापल्यासारख्या, चौकोनी आणि राखाडी दिसल्या तर हलकी बीके-७, आणि खोक्यावर काहीही छापलेलं असलं तरी डोळ्यांवर विश्वास ठेवा. तोच गोल पट्टीने मोजला की खोटे आकडेही पकडता येतात: पुढचं भिंग ५० मिलिमीटर आणि गोल ५ मिलिमीटरचा, तर ती दुर्बीण १० पट आहे, वर '३०×५०' लिहिलेलं असो. काचेवरचं लालभडक कोटिंग दिसायला भारी, पण ते लाल रंग परतवून लावतं आणि आतलं चित्र हिरवट करतं. समुद्रावर लाल बोया आणि लाल दिवा हीच तर बघायची गोष्ट असते. कोटिंगची झाक फिकट हिरवी किंवा जांभळी हवी.

मग दोन नळ्या एकमेकींशी समांतर आहेत का ते तपासायचं. रस्त्यापलीकडची आडवी रेघ निवडा, पाटीची कड किंवा विजेची तार. फोकस लावा आणि दुर्बीण सावकाश डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटीमीटर मागे घ्या. दोन वर्तुळं वेगळी होतील. तार दोन्हींत एकाच उंचीवर हवी. एकीत वर, एकीत खाली असेल तर तो नग ठेवून द्या. असल्या दुर्बिणीत चित्र दुकानात ठीक वाटतं, कारण डोळे ते ओढूनताणून जुळवून घेतात. बोटीत अर्ध्या तासात डोकं दुखतं आणि दोष लाटांना दिला जातो. ऑनलाइन मागवली तर हीच चाचणी परत करायची मुदत संपायच्या आत करा. कुरिअरमध्ये आपटलेल्या दुर्बिणीत हा दोष येतो.

होकायंत्र: इथे कंजुषी नको

हातात धरून नेम साधायचं होकायंत्र घ्या, ट्रेकिंगचं पारदर्शक पट्टीवालं नव्हे. पट्टीवालं नकाशावर छान, पण लाटेवर त्यातून दीपस्तंभाकडे बघून आकडा वाचता येत नाही. बोटीसाठीचं होकायंत्र तेलासारख्या द्रवाने भरलेलं, तबकडी फिरणारी, वर प्रिझम असलेलं असतं. वस्तू आणि अंशांचा आकडा दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. रबरी वेष्टनातलं, गळ्यात अडकवायचं, हॉकीच्या पकसारखं चपटं मॉडेल सगळ्यांत सोयीचं. 'आर्मी टाइप' म्हणून विकलं जाणारं हिरव्या पत्र्याचं झाकणवालं स्वस्त होकायंत्र शोकेससाठी ठीक. पितळी 'अँटिक' तर पेपरवेट म्हणूनच.

तपासायचं असं. होकायंत्र स्थिर ठेवून आकडा वाचा. किल्ली जवळ नेऊन तबकडी वीस-तीस अंश हलवा, किल्ली लांब न्या. तबकडी पहिल्याच आकड्यावर, फार तर एक अंशाच्या फरकाने, परत यायला हवी. दर वेळी वेगळ्याच जागी थांबली तर ती ज्या टोकावर फिरते ते झिजलंय. मग ते दहा-पंधरा अंश तिरकं करून फिरवा. तबकडी कुठे घासली तर पृथ्वीच्या वेगळ्या चुंबकीय पट्ट्यासाठी तोललेली असू शकते. दक्षिण गोलार्धासाठीचं होकायंत्र इथे एका बाजूला झुकतं. द्रवात बारीक बुडबुडा चालतो, वाटाण्याएवढा नाही.

ही चाचणी दुकानाच्या स्टीलच्या काउंटरवर करू नका, गच्चीवरही नको, स्लॅबमध्ये सळ्या असतात. आणि काळ्या दगडाच्या कट्ट्यावर तर मुळीच नको. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट स्वतःच चुंबकत्व धरून असतो. गडमाथ्यावर विजेने झोडपलेल्या कातळाजवळ काटा चांगलाच फिरतो. मोकळ्या मैदानात, स्कूटरपासून लांब उभं राहून बघा. चुंबकीय मोजमाप किती नाजूक, याचा दाखला जवळच आहे: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवावी लागली.

बोटीत पक्क्या बसवलेल्या होकायंत्राला बोटीतल्या लोखंडाने येणारा दोष मोजून तक्ता करता येतो. हातातल्याचा करता येत नाही, कारण उभं राहण्याची जागा दर वेळी बदलते. म्हणून इंजिन, नांगर, साखळी, स्पीकर यांच्यापासून निदान मीटर-दीड मीटर लांब उभे राहा. खिशातला मोबाइल, विशेषतः चुंबकवाल्या कव्हरचा, काढून ठेवा. लोखंडी फ्रेमचा चष्माही दोन-तीन अंश खातो. तबकडी हेलकावत असेल तर एका क्षणाचा आकडा धरू नका. डावीकडचं आणि उजवीकडचं टोक बघून मधला घ्या, असं तीनदा करा, सरासरी लिहा, शेजारी वेळ लिहा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत जेमतेम अंशभराचा फरक आहे आणि हलत्या बोटीत हाताची चूकच दोन-तीन अंशांची असते, त्यामुळे तो हिशेब इथे सोडला तरी चालतो. एक अंश चुकला तर एका सागरी मैलावर, म्हणजे १८५२ मीटरवर, जागा बत्तीस मीटरने सरकते. तीन अंश म्हणजे शंभर मीटरच्या आसपास. खांदेरी-उंदेरीच्या खडकांजवळ हा आकडा ध्यानात असू द्या.

आपली बोट नकाशावर कुठे आहे ते काढायला तीन खुणांच्या दिशा मोजा आणि प्रत्येकीतून तशी रेघ ओढा. खुणा एकमेकींपासून साठेक अंशांवर घ्या. दोनच मिळाल्या तर नव्वदच्या जवळपास. सुटा दीपस्तंभ, बेटाचं टोक, किल्ल्याचा बुरूज चांगला. डोंगराचा गोल माथा वाईट, बोया त्याहून वाईट, कारण साखळीवर तो फिरत असतो. नकाशावर तीन रेघांचा त्रिकोण होणारच. त्यातलं धोक्याला सगळ्यांत जवळचं टोक आपली जागा धरायची.

होकायंत्राचा याहून मोठा उपयोग टक्कर टाळण्यासाठी. समोरून येणाऱ्या ट्रॉलरचं बेअरिंग (उत्तरेपासून अंशांत मोजलेली दिशा) ०४० आलं, दोन मिनिटांनी ०४० आणि आणखी दोन मिनिटांनी पुन्हा ०४०, तर तो आणि तुम्ही एकाच बिंदूकडे चालला आहात. समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सातवा नियम हेच सांगतो. बेअरिंग भराभर बदलत असेल तर सहसा सुटलात. मोठं जहाज किंवा टग-बार्ज (ओढणारी बोट आणि मागचा तराफा) जवळ असेल तर बेअरिंग बदलत असूनही धोका असू शकतो, हेही त्याच नियमात आहे, आणि मांडव्याच्या वाटेवर मुंबई बंदराची मोठी जहाजं आडवी येतात.

दुर्बिणीतलंच होकायंत्र घ्यावं का? सोय आहे खरी: वस्तू सात पट मोठी आणि खाली अंश. पण द्रव गळाला किंवा तबकडी अडकली की दुरुस्तीला अख्खी दुर्बीण पाठवावी लागते. आम्ही वेगवेगळं घ्यायला सांगतो. दुर्बिणीतल्या अंतर मोजायच्या खुणांचा उपयोग मात्र करा. वस्तूची उंची मीटरमध्ये, गुणिले १०००, भागिले दिसणारे मिल्स (त्या खुणांवरचं कोनाचं माप), की अंतर मीटरमध्ये. पंधरा मीटरचा खांब दहा मिल्स दिसला तर दीड किलोमीटर. यात दोन ठिकाणी फसगत होते. नकाशावर दीपस्तंभाच्या दिव्याची उंची मोठ्या भरतीच्या पातळीपासून दिलेली असते आणि मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी चारेक मीटर खालीवर होतं, तेव्हा ओहोटीला तेवढं वाढवून धरा. दुसरं, पाण्यापासून डोळा दोन मीटर उंचीवर असेल तर क्षितिज पाचेक किलोमीटरवर संपतं. त्यापलीकडच्या वस्तूचा पाया दिसतच नाही, ती बुटकी दिसते आणि हिशेबात लांब जाते.

रात्रीचा स्कोप

अंधारात बघायचा हा स्कोप बहुतेक पुणेकरांना लागत नाही. धरणावरचं बोटिंग अंधाराआधी आटपतं, आणि समुद्रावरून रात्री परतायचं असेल तर चांगली ७×५० आणि अंधाराला सरावलेले डोळे यांनी बरंच भागतं. डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झगमगाटात ते सगळं वाया जातं. नकाशा बघायला मंद लाल दिवा ठेवा. त्यात नकाशावरची लाल रेघ गायब होते, तेव्हा रेघा पेन्सिलीने ओढा.

तरी घ्यायचाच असेल तर स्वस्त डिजिटल स्कोपपासून लांब राहा. त्यांची भिस्त स्वतःच्या इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या, दिव्यावर असते. जमिनीवर तो चालतो. बोटीवर तो फवाऱ्यावर, रेलिंगवर आणि केबिनच्या काचेवर आपटून परत डोळ्यात येतो आणि पडदा पांढरा होतो. शिवाय चित्र एकरंगी. समोरच्या बोटीचा लाल दिवा दिसतोय की हिरवा, म्हणजे तिची डावी बाजू आपल्याकडे आहे की उजवी, हेच त्यातून कळत नाही. दिव्यांचा रंग साध्या दुर्बिणीतूनच बघायचा.

थर्मल स्कोपला उजेड लागत नाही, तो उष्णता बघतो. पण जाहिरातीतली चित्रं थंड समुद्रावरची असतात. आपल्याकडे पाणीच २७ ते ३० अंशांचं, हवा दमट; पाण्यात पडलेल्या माणसाचं ओलं डोकं आणि पाणी यांत फरक थोडाच उरतो. गरम इंजिनाची होडी ठळक दिसते, पण जाळ्याचे तरंगे पाण्याइतकेच गार असतात आणि दिसत नाहीत. पंख्यात अडकतं ते तेच. घेताना ६४० पिक्सेल रुंदीचा सेन्सर आणि सेकंदाला निदान २५ चित्रं बघा. ९ चित्रांच्या मॉडेलमध्ये डुलत्या बोटीतलं दृश्य तुटक उड्या मारतं. काचेआडून थर्मल काहीच बघत नाही, केबिनबाहेर यावंच लागतं. आणि पडद्याच्या उजेडाने एक डोळा तात्पुरता आंधळा होतो, म्हणून आपला मुख्य नसलेला डोळा लावा.

निगा आणि जुना माल

समुद्रावरून आल्यावर वॉटरप्रूफ दुर्बीण आणि होकायंत्र आधी नळाच्या हलक्या धारेखाली धुवा, मगच पुसा. सुकलेलं मीठ म्हणजे बारीक खडे. कोरड्या फडक्याने पुसलं की कोटिंगवर ओरखडे. शर्टाचं टोक, टिश्यू पेपर, दोन्ही नकोत. पुण्याच्या पावसाळ्यात चामडी किंवा फोमच्या केसमध्ये ठेवलेल्या दुर्बिणीला हमखास बुरशी येते. हवाबंद डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा आणि रंग बदलला की ती तापवून पुन्हा वापरा. होकायंत्र त्याच डब्यात स्पीकर किंवा चुंबकाजवळ ठेवू नका.

बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात लष्करी धाटणीच्या दुर्बिणी आणि होकायंत्रं दिसतात. पुढच्या भिंगातून टॉर्च मारून मागून बघा. धूळ चालेल, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, आणि साफसफाईत नळ्या पुन्हा समांतर करण्याचा खर्च दुर्बिणीहून जास्त येतो. ट्रिटियमवर (आपोआप चमकत ठेवणाऱ्या किरणोत्सारी वायूवर) चमकणाऱ्या होकायंत्रावर बनवल्याचं साल कोरलेलं आहे का शोधा. ट्रिटियमचा उजेड साधारण १२.३ वर्षांत निम्मा होतो, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या नगात पाव उरलेला असतो. त्याहून जुन्या, किरणोत्सारी रेडियमचा रंग दिलेल्या तबकड्या उघडायच्या किंवा खरवडायच्या नाहीत.